सी प्रोग्रॅम लॅपटॉपवर रन होत नाही? कंपायलर पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे तपासा

पहिल्या सत्रात प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल सुरू झालं की आठवड्याभरात एकच तक्रार सगळीकडून येते: "कोड बरोबर आहे, लॅबमध्ये चालला, माझ्या लॅपटॉपवर रन होत नाही." तोपर्यंत बहुतेकांनी व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) काढून पुन्हा टाकलेला असतो, एखादा व्हिडिओ बघून दुसरा कंपायलरही (कोडपासून चालवता येणारी फाइल बनवणारा प्रोग्रॅम) बसवलेला असतो. बिघाड मात्र तिथेच असतो, शिवाय आता मशीनवर दोन कंपायलर होऊन बसलेले असतात. पुन्हा इन्स्टॉल करणं हा शेवटचा उपाय आहे. आधी बिघाड फाइलमध्ये आहे, कोडमध्ये आहे की मशीनच्या मांडणीत, हे ठरवायचं. खालचा क्रम त्यासाठीच आहे: फुकटच्या आणि अर्ध्या मिनिटाच्या तपासण्या आधी, वेळखाऊ नंतर.

हे विंडोज 10 किंवा 11, सी भाषा आणि व्हीएस कोड किंवा कोडब्लॉक्स गृहीत धरून लिहिलं आहे. पायथनवाल्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे. आज्ञा आणि एरर इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरं वापरा. सी भाषेत लहान आणि मोठी अक्षरं वेगळी धरली जातात.

लक्षणं

– "जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड" असा संदेश येतो (जीसीसी म्हणजे इथे वापरलेला सी कंपायलर).
– कोड बदलला तरी आउटपुट जुनंच येतं.
– "अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन" येतं.
– "कॅनॉट ओपन आउटपुट फाइल, परमिशन डिनाइड" येतं.
– "स्ट्रे \342 इन प्रोग्रॅम" असे दहा-वीस एरर एकदम येतात.
– "कॉनिओ डॉट एच" किंवा "क्लीअरस्क्रीन" सापडत नाही.
– प्रोग्रॅम चालू होतो, पण इनपुट टाइपच करता येत नाही.
– काळी खिडकी क्षणभर दिसते आणि बंद होते.
– कंपाइल होतं, पण पहिला आकडा दिल्याबरोबर प्रोग्रॅम कोसळतो.

1. फाइल सेव्ह झाली आहे का?

व्हीएस कोडमध्ये वरच्या टॅबवर फाइलच्या नावाशेजारी फुलीऐवजी भरीव ठिपका दिसत असेल तर फाइल सेव्ह झालेली नाही. कंपायलर डिस्कवरची फाइल वाचतो, स्क्रीनवरची नाही. "आउटपुट जुनंच येतं" याचं सर्वात साधं कारण हेच. नवी फाइल एकदाही सेव्ह केली नसेल तर डिस्कवर ती रिकामी असते, तिच्यात मेन नसतो, आणि मग "विनमेन" सापडत नसल्याची तक्रार येते. हा शब्द तुमच्या कोडमध्ये कुठेच नसल्यामुळे मुलं गोंधळतात. त्याचा अर्थ इतकाच की लिंकरला (कंपाइल झालेले भाग जोडून चालवता येणारी ईएक्सई फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमला) सुरुवातीचं फंक्शन मिळालं नाही. फाइल सेव्ह असूनही हा एरर आला तर मेनचं स्पेलिंग बघा. "मिअन" असं उलटसुलट टाइप होणं किंवा पहिलं अक्षर मोठं पडणं, दोन्ही सर्रास होतं.

फाइल मेनूत ऑटो सेव्ह चालू करून टाका. हा प्रश्न कायमचा मिटतो.

2. फाइलचं पूर्ण नाव आणि जागा

विंडोज मूळ मांडणीत फाइलचं एक्स्टेन्शन लपवतं. नोटपॅडमध्ये "हॅलो डॉट सी" नावाने सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात "हॅलो डॉट सी डॉट टीएक्सटी" असू शकते. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" चालू करा, मग खरं नाव दिसेल. एक्स्टेन्शन "सी" हवं, "सीपीपी" नको. "सीपीपी" ठेवलं तर जीसीसी ती फाइल सी++ समजून तपासतो, आणि सी भाषेत चालणाऱ्या काही गोष्टी तिथे एरर ठरतात.

जागाही बघा. अनेक नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हमध्ये असतात. सिंक चालू असताना नुकतीच तयार झालेली ईएक्सई फाइल अडकून बसू शकते. फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर विंडोजवरचा जीसीसी पुष्कळदा "नो सच फाइल" म्हणतो, फाइल समोर दिसत असली तरी. सी किंवा डी ड्राइव्हवर थेट एक छोटं फोल्डर करा, नाव इंग्रजीत, मध्ये स्पेस नाही, आणि सत्रभराचे सगळे प्रोग्रॅम तिथेच ठेवा.

3. पहिला एरर वाचा, शेवटचा नाही

टर्मिनल खाली सरकत जातं, म्हणून नजर शेवटच्या ओळीवर पडते. पण पुढचे एरर बहुतेक वेळा पहिल्याच चुकीची पिलावळ असते. वर जा आणि पहिला एरर शोधा.

समजा पाचव्या ओळीवर प्रिंटएफ आहे, त्याच्या शेवटचा सेमिकोलन राहिला आहे, आणि सहाव्या ओळीवर रिटर्न शून्य आहे. जीसीसी सांगतो: फाइलचं नाव, मग 5, मग 20, मग "एरर: एक्स्पेक्टेड सेमिकोलन बिफोर रिटर्न". पहिला आकडा ओळीचा, दुसरा त्या ओळीतल्या जागेचा. हाच कोड जुन्या जीसीसीला दिला तर तो पाचऐवजी सहा सांगतो, कारण सेमिकोलन नाही हे त्याला पुढचा शब्द वाचल्यावरच कळतं. म्हणून एररच्या ओळीत काही चूक दिसत नसेल तर तिच्या आधीची ओळ बघा. एक चूक दुरुस्त करा, सेव्ह करा, पुन्हा कंपाइल करा. पंधरा एररचे दोन उरतात.

ही सवय पहिल्या महिन्यात लागली तर पुढची चार वर्षं सोपी जातात. एरर आला की लगेच स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकणारे यात मागे पडतात, आणि त्याचं वाईट वाटतं, कारण संदेशात उत्तर जवळजवळ लिहिलेलंच असतं.

4. तोच कोड ऑनलाइन कंपायलरवर चालवा

ऑनलाइनजीडीबीसारख्या साइटवर भाषा सी निवडा, कोड पेस्ट करा, रन करा. तिथेही तोच एरर आला तर बिघाड कोडमध्ये आहे, लॅपटॉपला हात लावू नका. तिथे चालला आणि तुमच्याकडे नाही, तर बहुधा मशीनची मांडणी चुकली आहे. थेट सातव्या मुद्द्यावर जा. या एका तपासणीने निम्मं काम होतं. ज्यांच्याकडे अजून लॅपटॉप नाही, त्यांनाही मोबाइलच्या ब्राउझरवर पहिले काही आठवडे यावर निभावता येतं.

5. कॉपी केलेला कोड आणि टर्बोचा कोड

व्हॉट्सॲपवरून, पीडीएफमधून किंवा वर्डमधून कोड उचलला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी येतात. दिसायला जवळपास सारखीच, पण कंपायलरच्या लेखी ती वेगळीच अक्षरं. एका वाकड्या चिन्हाचे तीन बाइट असतात आणि प्रत्येकाबद्दल तक्रार होऊ शकते: \342, मग \200, मग तिसरा. म्हणून एररचा पाऊस पडतो. सगळी अवतरणचिन्हं खोडून हाताने पुन्हा टाइप करा. वजाबाकीचं चिन्हही तपासा, वर्ड त्याचा लांब डॅश करून टाकतो.

दुसरी गोष्ट टर्बोची. काही कॉलेजांत अजून टर्बो सी++ वापरतात, जुन्या जर्नलमधले प्रोग्रॅमही त्याच धाटणीचे असतात. टर्बो 1990च्या सुमाराचा, डॉसवर चालणारा कंपायलर आहे. आजच्या विंडोजवर तो डॉसबॉक्समधून चालवावा लागतो. त्यातली "कॉनिओ" हेडर फाइल सी भाषेच्या प्रमाणात कधीच नव्हती. जीसीसीसाठी क्लीअरस्क्रीनची ओळ काढून टाका. शेवटचं गेटसीएचही काढा, आणि मग कॉनिओची ओळही. "व्हॉइड मेन"च्या जागी "इंट मेन" लिहा आणि शेवटी रिटर्न शून्य द्या.

एक फरक मात्र नुसत्या हेडरचा नाही. टर्बोमध्ये इंट दोन बाइटचा असतो, कमाल किंमत 32767. फॅक्टोरियलच्या प्रोग्रॅमला 8 दिलं तर उत्तर 40320 यायला हवं, टर्बो -25216 दाखवतो. जीसीसीत इंट चार बाइटचा, त्यामुळे 12 पर्यंत उत्तर बरोबर येतं (479001600) आणि 13 ला 1932053504 असा चुकीचा आकडा येतो. खरं उत्तर 6227020800 आहे, ते चार बाइटांत मावत नाही. लॅब आणि घर यांच्या उत्तरांत असा फरक दिसला तर कोड तपासत बसू नका, डेटा टाइप बदला. व्हायवाला हा प्रश्न आवर्जून विचारतात.

6. कंपाइल होतं, पण नीट चालत नाही

स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधी & राहिलं की आकडा दिल्याबरोबर प्रोग्रॅम कोसळतो. कोडब्लॉक्स तेव्हा "प्रोसेस रिटर्न्ड -1073741819" दाखवतो, व्हीएस कोडमधला कोड रनर (कोड चालवण्यासाठीचं एक्स्टेन्शन) 3221225477. दोन्ही एकच गोष्ट सांगतात: प्रोग्रॅमने स्वतःची नसलेली मेमरी वापरायचा प्रयत्न केला. & नसताना स्कॅनएफ व्हेरिएबलची किंमत हाच पत्ता समजतो आणि भलत्याच जागी लिहायला जातो. कंपाइल करताना डॅश-डब्ल्यू-ऑल (डब्ल्यू मोठा, "ऑल" लहान) जोडा. मग ही चूक रन करण्याआधीच वॉर्निंग म्हणून दिसते. पहिल्या सत्रात वॉर्निंग म्हणजे एररच समजा.

आकडा वाचल्यावर लगेच एक अक्षर वाचायचं असेल आणि प्रोग्रॅम ते न विचारताच पुढे जात असेल, तर आधीचा एंटर अजून इनपुटमध्ये पडून आहे. टक्का-सीच्या आधी एक स्पेस द्या, स्कॅनएफ तो एंटर गिळून टाकतो. "एफफ्लश एसटीडीइन" हा प्रचलित उपाय टाळा. सी भाषेच्या प्रमाणात तो ठरलेला नाही. एका मशीनवर चालतो, लिनक्सवाल्या लॅबमध्ये परीक्षेच्या दिवशी दगा देतो.

इनपुट टाइपच होत नसेल आणि "कॅनॉट एडिट इन रीड-ओन्ली एडिटर" येत असेल, तर तुम्ही कोड रनरच्या आउटपुट टॅबमध्ये टाइप करताय. तिथे फक्त वाचता येतं. सेटिंग्जमध्ये "रन इन टर्मिनल" शोधा आणि टिक करा. खिडकी उघडून लगेच बंद होत असेल तर ईएक्सईवर डबल-क्लिक न करता टर्मिनलमधून चालवा. मेन संपला की ती खिडकी बंद होणारच, तो बिघाड नव्हे. व्हीएस कोडचं टर्मिनल सहसा पॉवरशेल असतं, तिथे नावाआधी डॉट आणि \ लावावा लागतो.

"परमिशन डिनाइड" आलं तर आधीचा रन बहुधा इनपुटची वाट बघत मागे जिवंत आहे. चालू असलेल्या ईएक्सईवर विंडोज लिहू देत नाही. जुनी टर्मिनलं बंद करा, गरज पडल्यास टास्क मॅनेजरमधून ती ईएक्सई संपवा.

7. कंपायलर आहे का, आणि सापडतो का?

व्हीएस कोड हा फक्त एडिटर आहे. त्याचं सी/सी++ एक्स्टेन्शन टाकलं तरी कंपायलर येत नाही, तो वेगळा बसवावा लागतो. कोडब्लॉक्सच्या डाउनलोड पानावरही दोन प्रकारच्या फाइली असतात. नावात "मिंगडब्ल्यू-सेटअप" असलेलीच घ्या (मिंगडब्ल्यू म्हणजे विंडोजसाठीचा जीसीसी). दुसरीत कंपायलर नसतो.

स्टार्टमध्ये "सीएमडी" टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि "व्हेअर जीसीसी" द्या. (पॉवरशेलमध्ये "व्हेअर"चा अर्थ वेगळा आहे, तिथे "व्हेअर डॉट ईएक्सई जीसीसी" लिहावं लागतं, नाहीतर काहीच उत्तर न येता तुम्ही गोंधळाल.) आता तीन शक्यता.

एकही फाइल सापडली नाही: कंपायलर नाही, किंवा आहे पण पाथमध्ये (विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) नाही. एमएसवायएस2 (विंडोजवर जीसीसी आणण्याचं एक साधन) बसवलं असेल तर इथे बहुतेकांचं घोडं अडतं. एमएसवायएस2 इन्स्टॉल करणं म्हणजे जीसीसी येणं नव्हे. त्यानंतर "यूसीआरटी64" नावाची खिडकी उघडून पॅकमनची (सॉफ्टवेअर उतरवणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅमची) आज्ञा देऊन जीसीसी उतरवावा लागतो. कॉलेजच्या वायफायवर पॅकमन अडकत असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. मग फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह, एमएसवायएस64, यूसीआरटी64, बिन या फोल्डरात जा आणि जीसीसी डॉट ईएक्सई डोळ्यांनी बघा. दिसली तरच पाथला हात लावा.

पाथसाठी: विंडोज सर्चमध्ये "एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स" शोधून "फॉर युअर अकाउंट"वाला पर्याय उघडा. वरच्या यादीत "पाथ" निवडून एडिट, मग न्यू, आणि बिन फोल्डरचा पत्ता पेस्ट करा. जीसीसी डॉट ईएक्सईचा पत्ता नको, फोल्डरचा हवा. आधीच्या ओळी खोडू नका, त्यांवर इतर सॉफ्टवेअर अवलंबून असतं. ओके करत बाहेर या, आणि व्हीएस कोड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. नवा पाथ नव्या खिडक्यांनाच कळतो. पाथ बरोबर टाकूनही "रेकग्नाइज्ड" नसल्याची तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येकांनी ही शेवटची पायरीच केलेली नसते. "सेटएक्स" या आज्ञेने पाथ बदलू नका, ती 1024 अक्षरांपुढचं छाटून टाकते.

दोन पत्ते आले: दोन कंपायलर आहेत आणि वरचा चालतो. विंडोज सिस्टिमचा पाथ आधी वाचतं, तुमच्या अकाउंटचा नंतर, म्हणून पूर्वी कधी बसवलेला जुना मिंगडब्ल्यू नव्यावर मात करतो. "जीसीसी डॅश डॅश व्हर्जन" दिल्यावर 6.3.0 आलं तर तो जुनाच समजा. कंट्रोल पॅनेलमधून किंवा त्याच्या फोल्डरातून तो काढा आणि पाथमधली त्याची ओळ तेवढी खोडा.

एकच पत्ता आला: कंपायलर ठीक आहे. बिघाड वरच्या मुद्द्यांत किंवा एडिटरच्या सेटिंगमध्ये आहे. एफ5 दाबल्यावर डीबगर सापडत नसल्याचं आलं तर जीडीबी वेगळा बसवायचा राहिला आहे.

पहिल्या सत्रापुरतं विचाराल तर कोडब्लॉक्स घ्या. व्हीएस कोड चांगलाच आहे, पण लूप शिकायच्या दिवसांत पाथ आणि सेटिंग्जशी झुंजण्यात हशील नाही.

8. घरी चालतं, लॅबमध्ये नाही

लॅबमध्ये उबंटू असेल आणि "अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी" आलं तर कंपाइलच्या ओळीच्या शेवटी डॅश-एल-एम जोडा. लिनक्सवर गणिताची लायब्ररी वेगळी सांगावी लागते, विंडोजवरचा मिंगडब्ल्यू ती आपोआप जोडतो. ती फाइलच्या नावानंतर लिहा. आधी लिहिली तर उपयोग होईलच असं नाही.

पायथन असेल तर

मुंबई विद्यापीठाच्या 2019च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला सी होती, पुण्याच्या 2019च्या आराखड्यात पायथन. पायथनमध्ये कंपायलरचा त्रास नाही, पण "पायथन वॉज नॉट फाउंड" म्हणत मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत खाली असलेली "ॲड टू पाथ"ची टिक राहिलेली असते. आधी "पीवाय" एवढंच टाइप करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने चालतं. नाही तर इन्स्टॉलर पुन्हा चालवून टिक करा, आणि सेटिंग्जमधल्या "ॲप एक्झिक्युशन एलियासेस"मध्ये पायथनची बटणं बंद करा. इंडेंटेशनचा एरर येत असेल तर टॅब आणि स्पेस मिसळले असू शकतात. चार स्पेस ठरवा आणि त्याच ठेवा.

इथे थांबा आणि मदत घ्या

अँटीव्हायरस तुमची ईएक्सई पुन्हापुन्हा उडवत असेल, किंवा विंडोज 11चं स्मार्ट ॲप कंट्रोल ती अडवत असेल, तर संरक्षण बंद करत सुटू नका. स्वतः बनवलेली, सही नसलेली फाइल त्यांना संशयास्पद वाटते. फक्त प्रोग्रॅमच्या फोल्डरला सूट कशी द्यायची, किंवा तात्पुरतं ऑनलाइन कंपायलरवर भागवायचं का, हे लॅब असिस्टंटला विचारा. लॅपटॉप "एस मोड"मध्ये असेल तर स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही. त्यातून बाहेर पडणं फुकट आहे, पण परत जाता येत नाही. मशीन घरच्यांचं असेल तर आधी त्यांना विचारा. लॅपटॉप कॉलेजचा किंवा कुणाच्या ऑफिसचा असेल आणि ॲडमिन पासवर्ड मागत असेल, तर तो ज्यांच्याकडे आहे त्यांचंच ते काम. फाइली आपोआप खराब होत असतील, मशीन मध्येच गोठत असेल, डिस्कमधून खटखट येत असेल, तर तो प्रश्न प्रोग्रॅमिंगचा नाही. जर्नलच्या फाइली लगेच पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुरुस्तीवाल्याकडे जा.

सातव्या मुद्द्यापर्यंत सगळं करूनही तासभर गाडी हलली नाही, तर सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत वाट बघू नका. सरांना किंवा मॅडमना विचारताना चार गोष्टी सोबत न्या: पूर्ण कोडची फाइल, पहिल्या एररचा मजकूर (फोटो नव्हे, कॉपी केलेला), "व्हेअर जीसीसी"चं उत्तर आणि "जीसीसी डॅश डॅश व्हर्जन"ची पहिली ओळ. मराठीतून मुळापासून बघायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी भाषेचे धडे मराठीत आहेत. त्यातला पहिला प्रोग्रॅम आणि कंपाइल करण्याची पद्धत लिनक्सवर दाखवली आहे, पण जीसीसीच्या आज्ञा विंडोजवरही त्याच चालतात.